नऊला उठणारी पोरं

मी पाच म्हणाले तेव्हा मॅटवर पडलेल्या पोरानं एक डोळा उघडून माझ्या बोटांकडं पाहिलं. किती झाले याची खात्री करून घेतली आणि डोळा पुन्हा मिटला.

सहा झाले, सात झाले. आठला त्यानं डावा हात मॅटवर टेकला. नऊला तो उठला. थरथरत, दातओठ खात, मान सावकाश वर करत. त्याच्या शाळेची पोरं बाकांवर उभी राहून शिट्ट्या मारायला लागली. पोरानं मुठी आवळल्या आणि प्रतिस्पर्ध्याकडं जळजळीत नजरेनं पाहिलं. प्रतिस्पर्धी हेल्मेट काढून पाणी पीत होता, कारण तोवर मी मॅच संपवली होती.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. परभणीतल्या एका शाळेत आयुष्यभर नोकरी केली आणि तिच्या जोडीनं तायक्वांदोची पंचगिरी केली. नोकरीतून निवृत्त झाले, पंचगिरीतून कुणी होऊ देत नाही. तायक्वांदो हा मुख्यतः लाथांचा खेळ. छातीवर चिलखतासारखं गार्ड, डोक्यावर हेल्मेट, एक बाजू लाल आणि एक निळी. आपल्याकडं त्याला सरसकट कराटे म्हणतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

आता हा आकडे मोजण्याचा प्रकार. खेळाडू फटका लागून पडला की पंच मॅच थांबवतो आणि बोटं दाखवत मोजायला लागतो. पडलेला दोनलाच टुणकन उभा राहिला तरी मी आठपर्यंत मोजते, कारण तेवढ्या वेळात मला त्याच्याकडं नीट बघायचं असतं. डोळे कसे आहेत, पाय धरतायत का, विचारलेलं कळतंय का. आठपर्यंत तो उभा राहून हात वर करून तयार असला पाहिजे. नसेल तर मॅच तिथं संपली. पुढचे नऊ आणि दहा हा नुसता उपचार असतो. हा नियम पुस्तकात छापलेला आहे, आणि जिल्हा स्पर्धेच्या त्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांच्या बैठकीत मी तो मोठ्यानं वाचूनही दाखवला होता.

हरलेल्या पोराचं नाव कृष्णा. येलदरीकडच्या एका गावातली शाळा. त्यांचे प्रशिक्षक बालाजी सर तरातरा माझ्याकडं आले. तरुण माणूस, तासिका तत्त्वावर गणित शिकवायचे, कॉलेजात असताना थोडंफार तायक्वांदो शिकलेले.

"मॅडम, दहा कुठं झाले?"

"दहा लागत नाहीत, सर. आठला तयार पाहिजे."

"पण उठलं की पोरगं."

"नऊला उठला."

"नऊलाच उठायचं असतंय ना, मॅडम."

मला वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. पण त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मीच गडबडले. नऊला उठायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं. ते जरा अडखळले. मग म्हणाले, "पिक्चरमदी."

त्या पिक्चरचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, सगळे एकाच साच्यातले असतात. किडकिडीत गरीब पोर. त्याला छळणारी श्रीमंत घरातली टोळी. चिडका म्हातारा गुरू, जो आधी शिकवायला तयार नसतो आणि मग तयार होतो. पावसात सराव. शेवटी मोठी स्पर्धा, तिथं हीरो आधी भरपूर मार खातो, पडतो, पंच मोजतो, आई रडते, आणि नऊ म्हटल्यावर हीरो उठतो. दहा सेकंदांत समोरचा आडवा. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आवाज बंद करून लावला तरी संवाद म्हणून दाखवीन.

बालाजी सरांच्या शाळेत या पिक्चरचा रिवाजच पडला होता. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या प्रोजेक्टरवर तो दाखवायचा. खेळाडू पुढच्या रांगेत, बाकीची शाळा मागं, भिंतीला टेकून पालक. पिक्चर संपला की सगळ्यांना खिचडी. आधी मला यात काही वावगं वाटलं नाही. मग पुढचं कळलं.

"म्हणजे पोरांना तुम्ही पडायला शिकवलंय?"

"पडायला न्हाई, मॅडम. उठायला." सरांनी बोटांवर मोजत सांगितलं. "पाचला डोळा उघडायचा. आठला हात टेकायचा. नऊला उभं ऱ्हायचं. उभं राहिल्यावर जरा डुलायचं."

"डुलायचं कशाला?"

"समोरचा गाफील ऱ्हातो."

लाथ मारायला शिकवायला यांना वेळ पुरत नाही असं ते सकाळीच सांगत होते. गावात मॅट नाही, सतरंज्यांवर सराव. आणि त्या सतरंज्यांवर पोरं ओळीनं आडवी पडून नऊला उठायची प्रॅक्टिस करत होती. बाकीची पोरं मोठ्यानं आकडे म्हणायची. रोज, प्रार्थनेनंतर.

मी त्यांची अख्खी टीम हॉलबाहेर लिंबाखाली बोलावली. कृष्णा हमसून हमसून रडत होता. त्याला लागलेलं काहीच नव्हतं. त्याचं दुःख वेगळंच होतं: सगळं बरोबर करूनही तो हरला होता. मी नियम सांगितला. पुन्हा सांगितला. पडलात आणि बरं वाटत असेल तर लगेच उठा. बरं वाटत नसेल तर उठू नका. यात तिसरं काही नाही.

त्यांच्यातली एक मुलगी पुढं आली. उंच, काटकुळी, नववीतली. प्रज्ञा तिचं नाव. सकाळच्या मॅचेस ती एकदाही न पडता जिंकली होती. पायाची चपळाई अशी की तिची मॅच लागली की मी स्वतःला बजावायचे, पंचानं खूश व्हायचं नसतं.

"मॅडम, मंग त्या पिक्चरमदल्या पंचानं आठला मॅच कामून थांबवली न्हाई?"

"कारण त्याला नऊपर्यंत मोजायचे पैसे मिळाले होते. तो नट होता."

पोरं हसली. मला वाटलं, चला, शिरलं डोक्यात. एवढ्यात बालाजी सरांनी टाळी वाजवून सगळ्यांचं लक्ष वेधलं.

"आयकलं का सगळ्यांनी? आजपासून नऊ बंद. आता सातला उठायचं."

मी डोक्याला हात लावला. "सर, लगेच उठा म्हणाले मी."

"हा, मॅडम. लगेच म्हंजे सातलाच ना? आठच्या आत?"

माझी पुढची मॅच लागली होती. मी गेले. लिंबाखाली त्यांनी सातची तालीम सुरू केली, ते मला हॉलमध्ये ऐकू येत होतं.

जेवणाच्या सुट्टीत प्रज्ञाचे वडील भीमराव मला भेटायला आले. धरणावर मासे धरणारा माणूस, उन्हानं रापलेला, अंगात लेकीच्या स्पर्धेसाठी काढून ठेवलेला पांढरा शर्ट. त्यांना वाटत होतं मी पोरांवर रागावलेय, तेव्हा समजूत घालावी. मी म्हणाले, राग पोरांचा नाही, पिक्चरचा आहे. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"आमी बी लय पाहिले मॅडम. जिंतूरला व्हिडिओवर लागायचे. लागोपाठ दोन-दोन. घरी येऊन बाभळीला लाथा मारायचो."

"मग?"

"मंग काय, पाय सुजला. महिनाभर लंगडत व्हतो."

"आणि मग सोडून दिलं?"

"न्हाई. लंगडतच दुसरा पाहाया गेलो."

माझे भाऊही असेच होते. गणपतीत चौकात पडद्यावर असला पिक्चर लागला की पुढचे आठ दिवस आमच्या घरातलं एकही दार नीट लागायचं नाही. तेव्हाचे नट म्हातारे झाले, व्हिडिओची दुकानं गेली, पडदा मोबाईलएवढा झाला, पण पोरांचा लाथ मारायचा उत्साह तसूभर कमी झाला नाही. मी भीमरावांना विचारलं, एवढं काय असतं हो त्यात? शेवट तर पहिल्यापासून माहीत असतो.

"म्हणून तर पाहायचा," ते म्हणाले. "आपल्यासारखं माणूस शेवटी जिंकतंय त्यात. दुसऱ्या कशात जिंकतंय, तुमीच सांगा."

हे मला पटलं, आणि त्याचाही मला राग आला. चौदा-पंधरा वर्षांच्या लेकरांना मी आयुष्यभर शिकवलंय. त्या वयात सगळेच हरत असतात. कुणी मार्कांत, कुणी उंचीत, कुणी इंग्रजीत, कुणी बापाच्या आवाजात. हा एकच पिक्चर त्यांना सांगतो की हे सगळं इंटरव्हलच्या आधीचं आहे. मला ते समजतं. पण समजतं म्हणून आठचे नऊ होत नाहीत.

दुपारी फायनल लागली. मुलींचा सतरा वर्षांखालचा गट. जिंकणारी विभागीय स्पर्धेला जाणार, हरणारी घरी. प्रज्ञा निळ्या बाजूला. लाल बाजूला परभणीतल्याच एका क्लासची मुलगी, तयारीची, शांत डोक्याची. पत्र्याचा हॉल तापलेला, पंखे फक्त स्टेजवर. प्रमुख पाहुणे येऊन बसले होते. स्पर्धा प्रमुख देशमुख सर दर पाच मिनिटांनी मला घड्याळ दाखवत होते.

पहिली फेरी लालनं घेतली, दुसरी प्रज्ञानं. आता तिसरीवर सगळं. येलदरीकडून टेम्पो भरून माणसं आली होती आणि त्यांच्या आवाजात माझा मलाच आवाज येत नव्हता. गुण बरोबरीत. प्रज्ञा आत घुसली, लालनं एक पाऊल मागं घेतलं आणि गिरकी घेऊन तिच्या हेल्मेटवर लाथ बसवली. स्वच्छ, नियमातली लाथ. प्रज्ञा एका कुशीवर पडली.

मी मॅच थांबवली आणि मोजायला सुरुवात केली.

एक. दोन. तिच्या शाळेची पोरं बाकांवर चढली आणि माझ्याबरोबर मोजायला लागली. तीन. चार. अख्खा हॉल मोजत होता. पाच. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत होते. सकाळी कृष्णानं पाचला माझ्या बोटांकडं पाहिलं होतं. दिवसभरात त्या टीममधलं जे जे पोर पडलं, त्यानं हेच केलं होतं. कुणी बोटांकडं, कुणी पब्लिककडं. प्रज्ञाचे डोळे उघडे होते आणि ती कशाकडंच पाहत नव्हती.

सहा. पोरांनी घसा ताणून सात म्हटलं आणि प्रज्ञा उठली.

काय उठली. एक हात टेकून, मान वर, मुठी छातीशी, जरा डुलली आणि ताठ उभी राहिली. हॉल नुसता पेटला. प्रमुख पाहुणे खुर्चीतून अर्धवट उठले. नियमानं सगळं बरोबर होतं. आठच्या आत उभी, हात वर.

मी जवळ जाऊन विचारलं, "कितवी फेरी चालू आहे?"

"मॅडम, मी बरी हाय."

"प्रज्ञा, फेरी कितवी?"

"मॅडम, मी बरी हाय."

हे वाक्यही तालमीतलं होतं. मी बोट तिच्या डोळ्यांसमोरून डावीकडं नेलं. डोळे मागोमाग आले नाहीत. आणि त्याच वेळी बालाजी सर त्यांच्या खुर्चीवरून मला ओरडून सांगत होते, "मॅडम, नाटक हाय ते, चालू द्या. लय भारी करती ती."

या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला आजही माफ केलेलं नाही. खरोखर नाटक असेल आणि मी मॅच थांबवली, तर वर्षभर सतरंजीवर घाम गाळलेल्या पोरीचा घास मी तोंडातून काढते. नाटक नसेल आणि मी चालू दिली, तर त्या डोक्यावर पुन्हा लाथ बसते, आणि दुसऱ्या लाथेनंतर काय होतं ते पंचांच्या शिबिरात डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेलं होतं. एरवी खेळाडूचा चेहरा बघून मला पुष्कळ कळतं. इथं चेहऱ्याचं शिकवून शिकवून वाटोळं केलेलं. खरं डुलणं आणि शिकवलेलं डुलणं यातला फरक ओळखायला माझ्याकडं दोन सेकंद होते.

मी आठ म्हणाले आणि मॅच संपवली. लाल विजयी.

हॉलमध्ये आरडाओरडा सुरू झाला. एक पाण्याची बाटली माझ्या पायाशी येऊन पडली. देशमुख सर स्टेजवरून धावत आले.

"मॅडम, काय हे? पोरगी उभी आहे."

"उभी आहे म्हणूनच थांबवली."

"पाहुणे काय म्हणतील?"

"डॉक्टर कुठं आहेत ते सांगा आधी."

डॉक्टर चहाला गेले होते. त्यांना शोधायला माणूस धाडला. भीमराव पायताणासकट मॅटवर आले. माझ्यासमोर उभे राहिले. माणूस चढ्या आवाजात बोलणारा नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं.

"मॅडम, तुमीच म्हणला ना आठच्या आत उठा. उठली की ती. सातला उठली. आता अजून काय करावं तिनं?"

मी तिला खुर्चीत बसवून हेल्मेट काढत होते. लाल बाजूची मुलगी जिंकल्याचा हात वर न करताच आमच्याजवळ आली आणि विचारलं, "मॅडम, तिला लागलं का जास्त?" त्या भरल्या हॉलमध्ये हा प्रश्न विचारणारी ती पहिली.

बालाजी सर तणतणत आले. पंच पक्षपाती, शहरातले क्लास, गावाकडच्या पोरांना न्याय नाही, सगळं चालू होतं. प्रज्ञानं त्यांच्याकडं पाहिलं.

"सर, फायनल कदी हाय?"

सर हसले. "बगा मॅडम, अजून चालूच हाय हिचं. बास आता, प्रज्ञा."

तिनं पाणी घेतलं, एक घोट प्यायली, ग्लास परत दिला. "सर, फायनल कदी हाय?"

आता सर हसले नाहीत. भीमराव तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "झाली ना, माय. आत्ताच झाली." ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तोंड वाकडं झालं आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. थोड्या वेळानं थांबली, डोळे पुसले आणि वडिलांना विचारलं, फायनल कधी आहे.

डॉक्टर आले, तपासलं, ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या म्हणाले. मीही रिक्षात बसले. पाठीमागं स्टेजवर बक्षिसं वाटायला सुरुवात झाली होती.

डोक्याचा स्कॅन चांगला आला. मेंदू हादरलाय, पण रक्तस्राव नाही, रात्रभर ठेवू, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एक-दोन दिवसांत ताळ्यावर येईल. दुसरा फटका बसला नाही हे नशीब, असंही म्हणाल्या. मला नशीब शब्द खटकला, पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

मी संध्याकाळी निघाले तेव्हा भीमराव वॉर्डाच्या दाराशी आले. पांढऱ्या शर्टाला धूळ लागली होती.

"मॅडम, अजून तेच इचारायलीय. फायनल कदी हाय. झाली म्हणलं की रडायलीय. दर टायमाला नव्यानं. जणू आत्ताच कळलंय." त्यांनी शर्टावरची धूळ झटकली. "मघाशी म्या खोटं सांगितलं. म्हणलो, उद्या हाय, झोप आता. तर गुमान झोपली."

मी बरं केलंत म्हणाले. दुसरं काय म्हणणार. बसस्टँडपर्यंत चालत गेले आणि सगळा रस्ता मनातल्या मनात कुणाकुणाशी भांडत होते, ते मलाही सांगता यायचं नाही. बालाजी सर, देशमुख सर, तो नऊपर्यंत मोजणारा नट.

प्रज्ञा बरी झाली. पण गोष्ट तिथं संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

महिन्याभरानं माझ्या भाचीनं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. "मावशी, ही तूच ना?" मीच होते, पाठमोरी, बोटं दाखवणारी. समोर प्रज्ञा पडलेली. कुणीतरी खाली ढोल-ताशे टाकले होते, उठण्याचा भाग सावकाश केला होता. सातला प्रज्ञा उठते, मुठी आवळते, चेहरा पडदाभर होतो आणि व्हिडिओ संपतो. पुढचं काही नाही. ती खुर्चीत बसली, तिनं काय विचारलं, ती कशी रडली, यातलं काही नाही. अख्खा जिल्हा ते बघत होता. खाली हारांची आणि आगीची चित्रं.

मी बालाजी सरांना फोन लावला आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं.

"मॅडम, आमी टाकलाच न्हाई. पोरांनी टाकला. पण एक सांगू का? क्लासला निम्मी शाळा यायलीय आता. पोरी लय आल्यात."

"त्यांना सांगा की ती मॅच ती हरली."

"सांगितलं, मॅडम. खरं वाटंना त्यांना."

त्यानंतर एका रविवारी प्रज्ञा आणि भीमराव माझ्या घरी आले. बरोबर पानात गुंडाळलेले मासे. आमच्या घरात मासे करत नाहीत, पण मी ते घेतले आणि शेजारी दिले. प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं पुढचा व्हिडिओ हाय का?"

"कसला पुढचा?"

"मी उठल्याच्या पुढचा. समद्यांनी मी उठले की मोबाईल बंद केले. मला त्या दिवशीचं कायच याद न्हाई. दुपारची चटणी-भाकर याद हाय, मंग एकदम दवाखाना." तिनं वडिलांकडं पाहिलं. "शाळेत समदे म्हणतेत, काय उठली प्रज्ञा. मला तर वाटतंय ती दुसरीच कोण तरी हाय."

व्हिडिओ माझ्याकडं नव्हता. मी तिला तोंडी सांगितलं, जसं झालं तसं. बोट कसं फिरवलं, ती काय म्हणाली, मी का थांबवली. फायनल कधी आहे हे ती विचारत राहिली, हेही सांगितलं. भीमराव मान खाली घालून बसले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सर म्हणतेत, तुमी थांबवलं नसतं तर मी जिंकले असते."

"जिंकली असतीस कदाचित," मी म्हणाले. मला खोटं बोलायचं नव्हतं. "आणि तेही तुला आठवलं नसतं."

आमच्या कामाची खरी कटकट हीच. वेळेवर थांबवलेली मॅच बरोबर थांबवली होती, हे कधीच सिद्ध होत नाही. थांबवली नाही तरच सिद्ध होतं, आणि तेव्हा ते बघायला कुणाला आवडत नाही.

पुढच्या वर्षी तोच हॉल, तोच पत्रा. बालाजी सर बारा नवीन पोरं घेऊन आले. मी विचारलं, काल पिक्चर दाखवलात का? दाखवला, म्हणाले. नाही दाखवला तर पोरं येत नाहीत. आणि नियम? नियमही सांगितला, म्हणाले, आधी नियम आणि मग पिक्चर. उलट्या क्रमानं सांगत जा, असं सुचवून पाहिलं. तर म्हणाले, पिक्चर संपल्यावर कोण थांबतंय मॅडम, सगळे खिचडीकडं पळतात.

प्रज्ञा दहावीत होती. सेमीफायनलला तिची मॅच माझ्याकडं आली. दुसऱ्या फेरीत तिला छातीवर लाथ बसली आणि ती मागं पडली. बाकांवरची नवी पोरं मोबाईल सरसावून उभी राहिली. मी मोजायला लागले. दोन म्हणाले तेव्हा ती उभी होती. हात वर, डोळे माझ्यावर. डुलणं नाही, काही नाही. पोरांचा विरस झाला, मोबाईल खाली गेले. मी नियमाप्रमाणं आठपर्यंत मोजलं, बोट फिरवलं, दोन प्रश्न विचारले. तिनं कंटाळल्या आवाजात बरोबर उत्तरं दिली. मॅच पुढं चालू झाली आणि ती थोडक्यात हरली.

हेल्मेट काखेत धरून ती माझ्याजवळून जात होती. मी काही बोलणार नव्हते, मॅटवर पंचानं बोलायचं नसतं. तीच थांबली. घामानं डबडबलेली, ओठ चावत रडू आवरत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्या टायमाला समदं याद हाय मला."

पिक्चर काढावा असं त्यात काही नव्हतं. मी पुढची मॅच बोलावली.